छावणीतला चोविसावा हाजिर

हे तुम्हाला पटणार नाही. पैज लावतो, एकालाही पटणार नाही. पण सत्तर उन्हाळे शेरडं राखलेला हा रायभान डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतोय.

काल, चैत्रातला रविवार. भर दुपारचे बारा.

देवगाव फाट्याच्या अलीकडं माळावर जुनी छावणी आहे. निजामाच्या राज्यात, मोठ्या लढाईच्या वेळी, तिथं पलटण राहायची. लढाई सरली, पलटण गेली. बराकीत ज्वारीचं गोदाम झालं. मग शाळा भरली. मी तिथंच चौथीपर्यंत शिकलो.

गुरुजी हजेरी घ्यायचे. आमी तेवीस पोरं.

'हाजिर' मात्र चोवीस यायचे...

चोविसावा आवाज थोराड बाप्याचा. पोरं म्हणायची, पलटणीतला मेलेला हवालदार.

आता शाळाही नाही. उन्हाच्या वेळी माझी शेरडं सावलीला बसतात. त्यात नातीच्या नवसाचा बोकड होता. उद्या मंगळवारी देवीला द्यायचा. घरात कालपासून त्याचीच चौकशी चाललीय, म्हणून हे लिहायला बसलो.

तर मी भिंतीला टेकलो.

होले घुमायचे थांबले.

वारा पडला.

मग... बूट. खाड. खाड. खाड.

शेरडं उठली. एका रांगेत उभी राहिली. शेरडं कधी रांग धरतात का?

आतून कुणीतरी दरडावलं, "लंगर का राशन?" लंगर म्हणजे पलटणीचा भटारखाना.

बोकडाच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. आत गेलं... अजून आत...

बंद.

मी उंबऱ्यात गेलो. माणूस नाही. धुळीत पाऊल नाही. बोकड नाही.

कोपऱ्यात तीन दगडांची चूल. राख गरम.

आणि वास... काळ्या मसाल्याचा. अख्ख्या तालुक्यात तसा मसाला एकाच बाईच्या हातचा. आमच्या कारभारणीच्या, भागुबाईच्या.

अंगावर आलेला काटा अजून...

लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायची माझी खोड आहे. चुलीपुढं भागुबाई भाकरी थापायली होती. तिचे हात थांबले.

"अवो, माझा मसाल्याचा डबा काल कुठं गेलता?"

मी वही मिटली.

"मुंजाजीच्या मळ्यात वांग्याची भाजी करायचीय म्हणून तुमीच नेलता. रिकामा आणला."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"उद्या देवीम्होरं काय उभं करू, हवालदार?"