रिकाम्या खोलीतला आवाज

खोटं वाटत असेल तर पुढे वाचू नका. मला कुणाची मनधरणी करायची नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि भर दुपारी घडलंय. भुतांना अंधार लागतो म्हणणाऱ्यांनी आमच्या वाचनालयाच्या माळ्यावर एकदा येऊन बसावं.

आमची जुनी गल्ली पाडणार आहेत. त्याआधी तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर जपायच्या, असं आम्ही वाचनालयाच्या समितीत ठरवलं. मला कुणी शिकवलं नाही. करत करत शिकलो.

माळ्यावरचा पंखा घरघरतो. बंद केला तर माणसं घामाघूम. म्हणून आमची एक पद्धत आहे. बोलण्याआधी सगळ्यांनी बाहेर जायचं, दाराला कुलूप लावायचं, आत मशीन एकटंच चालू. त्यात येते ती नुसती खोलीची घरघर. मग कॉम्प्युटर तीच घरघर ओळखून बोलण्यातून वजा करतो.

मावशीच्या दिवशी हे राहूनच गेलं. ती आली तीच बोलत. "मशीनला सांग, म्हातारी जेवून आलीय. आता थांबायची नाही!"

थांबलीच नाही. ती कामाला जायची त्या लॉन्ड्रीतली वाफ, भाजलेले हात, काकांनी तिला पळवून आणलं तो किस्सा... सगळं सांगितलं.

महिन्याभरात गेली.

तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, परगावाहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"तोंडही बघायला मिळालं नाही रे. निदान आवाज तरी दे."

"साफ करून देतो," मी म्हटलं.

त्या रविवारी दुपारी माळ्यावर गेलो. तोच पंखा, त्याच खुर्च्या. मशीन चालू केलं. बाहेरून कुलूप लावलं. जिन्यातच बसून राहिलो.

आत कुणी नव्हतं. लिहून देतो.

मग खाली कॉम्प्युटरवर ती घरघर मावशीच्या बोलण्यातून वजा केली.

माझे प्रश्न ऐकू आले. खुर्ची करकरली. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं...

मावशी नव्हती.

एक शब्दसुद्धा नाही.

कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने काही काढत नाही. रिकाम्या खोलीत जे सापडलं, तेवढंच काढतो.

रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी पंखा...

मग मावशी.

तीच वाफ. तेच हात. आणि मधेमधे कुणीतरी तिला प्रश्न विचारत होतं.

माझ्या आवाजात.

मी कधीच न विचारलेले प्रश्न. "तिकडे गार आहे का गं? सोबतीला कोण आहे?"

"कुणी नाही रे," मावशी म्हणाली. "एकटीच."

मी पळालो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर मावशीचं मूळ रेकॉर्डिंग गायब. आमच्या समितीचे अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर, मोठ्या ऐटीत म्हणाले, "साफ केलंस ना? मग कचरा कशाला ठेवायचा? जागा अडते."

कचरा! थोबाडीत द्यायला हवी होती.

मावशीचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता, त्या रिकाम्या खोलीच्या रेकॉर्डिंगमध्ये. मी तो ताईला देणार नव्हतो. ती रडत ओरडली, "तुझी आई असती तर?"

दिला.

ताई मावशीच्या घरीच थांबली होती, रोज ऐकायची. मग एकदा तिचा फोन आला.

"अरे, त्यात माझा आवाज कुणी घातला?"

धावत गेलो. ऐकलं. माझा आवाज नव्हताच आता. ताई विचारत होती, "आई, मी येऊ का?"

ताई माझ्यासमोर बसलेली. ओठ घट्ट मिटलेले. त्या माळ्याची पायरीसुद्धा ती कधी चढलेली नाही.

परवा पुन्हा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आईने उत्तर दिलं रे!"

"काय... काय म्हणाली?"

"ये म्हणाली. वाट बघतेय."

मी तसाच निघालो, तिच्यादेखत ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. वाटलं, जीव घेईल माझा. ती नुसती हसली.

"वेडा आहेस. आता कशाला लागतंय ते?"

तेव्हापासून मी इथेच, ताईजवळ आहे. ताई स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलते... मग थांबते. समोरच्याच्या उत्तराला जेवढा वेळ लागेल, तेवढीच थांबते. मान डोलावते. पुन्हा बोलते.

आत्ता ती उठलीय. पदर खोचलाय, चपला घातल्यात.

"कुठे निघालीस, ताई?"

माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

मी दाराला पाठ लावून बसलोय.