हेमचंद्रकाकांची नवी वसाहत

"लेझीम कॅन्सल!" मंडळाच्या नव्या अध्यक्ष शीलामावशींनी जाहीर केलं. "मूर्तीच नाही, तर गणपती कसला बसवणार?"

गौरांगीच्या हातातली लेझीम गप्प झाली. अख्खी सुट्टी तिनं कॅनडातल्या मिल्टन गावी घरच्या बेसमेंटमध्ये घाम गाळला होता! उद्या पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या पुढं नाचणार होती, आणि आज मंडळाच्या स्टोरेजमधून पितळी बाप्पा गायब!

शीलामावशींनी तातडीनं शोध समिती नेमली. समितीनं तातडीनं समोसे शोधले.

"हे काय शोधणार, डोंबल!" गौरांगी धाकट्या भावाला, आरवला म्हणाली. "कुलूप शाबूत आहे. म्हणजे चोराकडं किल्ली आहे!"

"लाइक... हेमचंद्रकाका?"

हेमचंद्रकाका म्हणजे नुकतेच मंडळाची निवडणूक हरलेले माजी अध्यक्ष. स्टोरेजची एक किल्ली अजून त्यांच्याकडंच होती. सुट्टीभर त्यांनी मुलांना लायब्ररीत बसवून लेक्चरं झोडली होती. "प्राचीन ग्रीक समुद्रापार वसाहती करायला का गेले? धाडस! निव्वळ धाडस!"

"ते धाडस-बिडस बंडल!" गौरांगी आता आरवला म्हणाली. "मी पुस्तकात वाचलंय. काहींना शेतजमीन पुरेना, कुठं दुष्काळ पडला, काही व्यापारासाठी गेले. आणि काही गावातल्या भांडणात हरले म्हणून!"

"काकांचं घर ह्यूज आहे. आणि दुष्काळ? त्यांचं पोट बघ! बिझनेस तर ते करतच नाहीत."

"मग राहिलं भांडण! निवडणूक हरले, म्हणून काका नवं मंडळ काढणार! आणि जाताना ग्रीक काय न्यायचे, माहितीये? जुन्या गावातला पवित्र अग्नी. त्याशिवाय नवं गाव खरं वाटायचं नाही!"

"ओ माय गॉड! बाप्पा!"

दोघांनी सायकली दामटल्या. काकांच्या बंद गॅरेजमधून आवाज येत होता, "संस्थापक-अध्यक्ष या नात्यानं मी..."

दाराचा कोड अख्ख्या गल्लीला पाठ होता, कारण काका तो काकूंना रस्त्यातूनच ओरडून विचारायचे. आरवनं बटणं दाबली. दार खडखडत वर गेलं. दाराच्या आतल्या मुठीत अडकलेलं काकांचं उपरणंही सुळकन वर गेलं, आणि जाता जाता फेटा उडवून गेलं!

आत विंटर टायर्सच्या ढिगावर बाप्पा विराजमान! मागं बॅनर: 'खरे मंडळ, स्थापना २०१७'. श्रोत्यांमध्ये गवत कापायचं मशीन.

"हे... हे धाडस आहे!" काका टक्कल झाकत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाप्पा मंडळात बसले आणि शीलामावशींनी मुलांचं तोंडभरून कौतुक केलं. "शाब्बास पोरांनो! आमच्या समितीनं योग्य वेळी तुमच्यावर विश्वास टाकला!"

"पण इतिहास शिकवला कुणी? मी!" काकांनी माइक हिसकावला. मावशींनी परत ओढला.

गौरांगीनं लेझीम उचलली. "आरव, वन, टू..."

छन्न! पुढचं एकही भाषण कुणाला ऐकू आलं नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या!