कांतारियनची जुडी

"शेजारच्या स्तेफका आजी घेतात ना, ती पांढरी गोळी द्या. बाबांच्या गुडघ्यासाठी."

माझ्या औषधांच्या दुकानात येऊन यावोर माझ्याशी बोलला, ते हे पहिलं वाक्य. बाहेर गारा पडत होत्या. तो नखशिखांत भिजलेला, अंगाला तो पाळत असलेल्या तळ्यातल्या ट्राउट माशांचा वास... आणि तरी त्याच्या डोळ्यांकडे बघताना मी क्षणभर काय विचारायचं तेच विसरले. मग मला राग आला. मला राग लवकर येतो.

"स्तेफका आजींची गोळी तुमच्या बाबांना कशाला? ते आणखी काय घेतात?"

"रक्त पातळ करायची गोळी. हृदयात कृत्रिम झडप बसवलीय त्यांच्या."

"मग ही पांढरी दिलीत तर पोटात रक्तस्राव होईल! थांबा, मी डॉक्टरांना फोन करते."

"सगळ्याच गिऱ्हाइकांवर अशा खेकसता का हो?"

"नाही. ऐकतील असं वाटतं, त्यांच्यावरच."

तो हसला. त्यानंतर दुकान बंद व्हायच्या वेळी काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. पण त्या निमित्तांमागे खरी काळजी होती. त्याच्या बाबांचं, म्हणजे बाय मानोलांचं — वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही 'बाय' म्हणतो — रक्त काही केल्या पातळ होत नव्हतं. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी रिपोर्ट तसाच.

"झडपेवर गुठळी बसली तर..." तो म्हणाला.

"बाबा गोळ्या चुकवतात का?"

"माझ्यासमोर घेतात. मीच देतो."

"मग घरात औषध म्हणून जे जे आहे, ते सगळं पिशवीत भरून आणा."

त्यानं आणलं. वाळलेली मलमं, मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, गेलेल्या आईच्या उरलेल्या गोळ्या. निरुपयोगी होतं ते मी जुनी औषधं परत घ्यायच्या पेटीत टाकलं आणि बजावलं, "हे ओढ्यात ओतायचं नाही. तुमचे मासे त्याच पाण्यात असतात." पण रिपोर्ट का बिघडतोय, ते त्या पिशवीतून कळेना.

दुसऱ्या दिवशी तो आला तो कानापर्यंत लाल होऊन. काउंटरवर त्यानं लाल दोऱ्यानं बांधलेली पिवळ्या फुलांची जुडी ठेवली.

"कांतारियन. यंदाच्या एन्योवदेनच्या सणाला पहाटे खुडलाय, दव असताना. दिवसभर उभ्या असता तुम्ही... संध्याकाळी चहा करून प्या. मन हलकं होतं. बाबांना तर मी रोज देतो."

जुडी नाकाशी नेताना माझं काळीज आनंदानं धडधडत होतं. त्याचं ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी जुडी परत काउंटरवर ठेवली.

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. आई गेल्यापासून ते गप्पगप्प असतात, म्हणून."

"मग काल पिशवीत का नाही आणलात?"

"ते कुठे औषध आहे? चहा आहे तो!"

आमच्या डोंगरात कुणीही हेच म्हटलं असतं. माझी आईसुद्धा. इतक्या प्रेमानं खुडलेल्या फुलांबद्दल असं काही सांगणं माझ्या जिवावर आलं. पण सांगितलं — या चहानं गोळीचा असरच उरत नाही.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच बाबांना... आत्ताच्या आत्ता फेकून देतो सगळा!"

"अरे थांब! एकदम बंद केलास तर वाढवलेली मात्रा अंगावर येईल. रक्त फारच पातळ होईल. आधी डॉक्टर!"

घाबरून मी त्याला 'अरे' म्हटलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मग वरचेवर रक्त तपासत, डॉक्टरांच्या सांगण्यावरून चहा सुटला आणि गोळीची मात्राही उतरली. बाय मानोलांच्या अबोलपणावर मी दुसरा उपाय काढला. संध्याकाळी ताबल्याचा, म्हणजे आमच्याकडच्या सोंगट्यांच्या खेळाचा, पट मांडायचा, फासे टाकायचे. ते सरळसरळ लबाडी करत आणि पकडले गेले की खदखदून हसत. रिपोर्ट ठीक आला त्या संध्याकाळी यावोर दुकानात धावत आला आणि त्यानं तो कागद माझ्यापुढे धरला. त्याचे डोळे भरले होते. माझेही.

पुढच्या एन्योवदेनला, ऐन उन्हाळ्यातल्या त्या सणाला, आम्ही पहाटेच कुरणावर गेलो. बाय मानोल खाली गाडीपाशी थांबले. या दिवशी साडेसत्त्याहत्तर वनस्पती खुडतात. सत्त्याहत्तर आजारांसाठी सत्त्याहत्तर, आणि अर्धी असते ती नाव नसलेल्या आजारासाठी. यावोरनं एक अर्धी तुटलेली काडी माझ्यापुढे धरली.

"ही माझ्यासाठी, रालित्सा. मला तोच आजार झालाय."

"लक्षणं?"

"माशांना दोनदा चारा घालतो. धडधाकट असून औषधांच्या दुकानात जातो. गारा पडल्या की... उगाच हसू येतं."

"सोबत दुसरं काही चालू आहे का? विचारावं लागतं."

"काही नाही. फक्त तू."

मी त्याच्या हातातली काडी घेतली आणि गवतात टाकून दिली.

"अगं! औषध होतं ते माझं!"

"घ्यायचं नाही. मलाही तेच झालंय यावोर, आणि मला बरं व्हायचं नाहीये."

त्याचा दवानं गार पडलेला हात माझ्या हातात आला. खालून बाय मानोल ओरडले, "विचारलंस का रे तिला? लवकर आटपा, माझ्या गोळीची वेळ झाली!"