गुरुवारची लेन्स

दारावरच्या पाटीवर नाव एकच होतं. तिला त्यामागे दोन फिकट सावल्याही दिसल्या. वाचायच्या फंदात न पडता ती वकिलाच्या खोलीत शिरली... आणि थबकली.

"घड्याळवाल्या बाई! तुम्ही?"

चार महिन्यांपूर्वी बंद घड्याळ घेऊन तिच्या बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आलेला तोच आवाज. गुरुवारी घड्याळ न्यायला आला, तेव्हा उगाच तासभर रेंगाळलेला.

"नंतर दोनदा येऊन गेलो. तुम्ही नव्हतात."

"लेझरनं चष्मा घालवला," ती खाली बघत म्हणाली. "आता दिव्यांभोवती कडी दिसतात, घड्याळाला सहा काटे. बाबा स्क्रूला हात लावू देत नाहीत."

त्यानं दुसऱ्या डॉक्टरांचा अहवाल वाचला. "बुबुळ मुळातच पातळ, ऑपरेशन करायलाच नको होतं, असं लिहिलंय. ग्राहक न्यायालयात जाता येईल. फक्त एक – ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीआधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद होत्या, अशी तुमची सही आहे. एकदाही लावल्या नाहीत ना?"

चोराच्या मनात चांदणं. तिचे कान तापले.

"एकदा... आदल्या दिवशी."

"कशासाठी?"

"लिहावंच लागेल?"

"लागेल."

"गुरुवार होता." मग एका दमात, "तुम्ही येणार होतात. पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या नाकावर तो बाटलीच्या बुडासारखा चष्मा होता. पुन्हा दिसायला नको म्हणून... आता हसा!"

तो हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं.

"दावा लंगडेल, मरणार नाही. लेन्सनं बुबुळ पातळ होत नाही. पण हे आपणच आधी सांगायचं. आणि... मला हे प्रकरण घेता येणार नाही."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

"माझ्या सहकारी वकीलताई लढतील. त्या गुरुवारचा साक्षीदार मीच की!" तो खाकरला. "साक्षीदाराचीही एक कबुली आहे. ते घड्याळ... बिघडलंच नव्हतं."

"माहितीये. चावी बाहेर ओढलेली होती." तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "आत ढकलली, चालू झालं."

"मग 'गुरुवारी या' का म्हणालात?"

"हेही लिहावं लागेल?"

"...नाही."

समोर तिला त्याचे तीन चेहरे दिसत होते. तिन्हींचे कान लाल झाले होते.