अजून एक, सेफ्टीसाठी

मला वाटलं होतं, स्टुडिओ म्हणजे जाड दार, त्यावर लाल दिवा आणि आत भिंतभर ओळीने लावलेल्या रिळांच्या पेट्या. प्रत्यक्षात दार उघडलं तेव्हा समोर एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे उभे होते. अर्धी जागा एका फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून दिलेली. मनोऱ्यांमधून अंग चोरत मागे गेलं की धुळीने दबलेलं मिक्सिंगचं टेबल, त्याच्यापुढे काच, आणि काचेपलीकडे गाणाऱ्याची छोटी खोली. बूथ म्हणतात तिला. त्या खोलीत मात्र एकही खुर्ची नव्हती.

"तिथं तो माल ठेवत नाही," फेडरकाका म्हणाले. "मी काही सांगितलेलं नाही हं. त्याचं त्यानेच ठरवलं."

फेडरकाका बँडचे रेकॉर्डिस्ट. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ. त्यांची बोटं सदैव तिच्यावर, म्हणून बँडने त्यांचं बारसंच केलं. आणि माझा दादा त्या बँडचा गायक. तो गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते.

घरी त्याच्या दोन रेकॉर्डी आहेत. पण त्यात तो गातो. तो बोलायचा कसा, हे मला आठवतच नव्हतं. पंधराव्या वर्षी कुणीतरी मला एका गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग पाठवलं, चोरून बाहेर आलेलं. गाणं सुरू होण्याआधी त्यात दादा म्हणतो, "काका, हेडफोनमध्ये मीच फार ऐकू येतोय. मला जरा कमी करा ना." ते एक वाक्य मी दिवसभर वाजवत बसले होते. गाणं नीट झालं की तो गातो. टेक फसला की बोलतो. तेव्हापासून मी फसलेले टेक गोळा करायला लागले.

हा छंद असणाऱ्यांची एक रीत असते. इथं कुणी काही विकत नाही. एक द्यायचं, एक घ्यायचं, आणि मिळालेलं तिसऱ्याला द्यायचं तर देणाऱ्याला विचारायचं. मी ती रीत मोडणार होते. लांब जाऊन पाच वर्षं जुने आवाज जतन करायचं शिक्षण घेतलं ते त्यासाठीच. माझ्याकडे त्रेचाळीस तुकडे होते, आणि ते सगळे मी सगळ्यांसाठी खुले करणार होते. आवाज पेटीत कुजवायचा नसतो, असं मी दिसेल त्याला ऐकवत होते. पाणबुडी नावाने वावरणाऱ्या एका संग्राहकाने मला लिहिलं होतं, "ताई, तुम्ही आमच्या ताटात माती कालवताय." मी उलट लिहिलं, "ताट तुमचं कधीपासून झालं?"

आईला त्या खुल्या संग्रहाचं काही नव्हतं. नवा तुकडा आला की ती पदराला हात पुसून शेजारी बसायची, शेवटपर्यंत ऐकायची आणि विचारायची, "मला हाक मारलीय का गं कुठे?"

नव्हती. त्रेचाळीस तुकड्यांत तो शिंकला होता, हसला होता, ड्रमवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. 'आई' एवढं एकच नव्हतं.

राहिलं होतं ते शेवटचं रीळ. त्या दिवशी दादा अंगात ताप घेऊन गायला होता आणि याच बूथमध्ये कोसळला होता. दोन दिवसांनी दवाखान्यातच वारला. ते रीळ संग्राहकांच्या जगात सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण कुणी ऐकलेलं नव्हतं. फेडरकाकांनी वीस वर्षं ते कुणाला दिलं नाही. मला दिलं, कारण मी त्याची बहीण.

आदल्या दिवशी मी ते काकांकडून नेऊन कोरड्या, मंद उष्णतेत ठेवलं होतं. जुनी टेप चिकट होते. तशीच लावली तर मशीनवर तिचा थर सोलून निघतो.

"एवढं लांब जाऊन टेप भाजायला शिकलीस?" काका म्हणाले. "आणि त्यासाठी आईला पाच वर्षं एकटं टाकलंस?"

"नाहीतर वाजली नसती, काका."

"हं." त्यांनी रिळाची मूळ पेटी माझ्या हातात दिली. पेटीतून आंबूस वास आला. झाकणाच्या आत नोंदीचा कागद चिकटवलेला होता. पेन्सिलने टेकचे आकडे, एक ते अकरा. प्रत्येकापुढे फुली.

"अकरा टेक. एकही पुरा नाही," ते म्हणाले. मग दाराकडे वळत, "ऐकताना एक कर. मशीन सुरू कर आणि हात मांडीवर ठेव."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी बाहेर आहे. चहा सांगतो."

सकाळचे अकरा वाजले होते. पण स्टुडिओला खिडकी नसते. त्यांच्यामागे दार लागलं आणि रस्त्यावरचे हॉर्न सुरीने कापल्यासारखे थांबले. आत सकाळ काय आणि मध्यरात्र काय, सारखंच. मी माझा संगणक जोडला, रीळ चढवलं, कळ दाबली.

सुरुवातीला नुसती सळसळ. मग काकांचा तरुण, खणखणीत आवाज: "टेक एक." आणि दादा गायला लागला.

दुसऱ्या कडव्यात खोकला. "सॉरी काका, परत." टेक दोन. तीन. तिसऱ्यात तो स्वतःवरच हसला आणि मीही हसले. चौथ्यात मधेच काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ सळसळच. माईकचा स्टँड पडला असावा, असं मी समजले. मग काकांचा आवाज: "टेक पाच." जरा घोगरा वाटला. टेप जुनी, तिथला भाग खराब झाला असेल. सहा, सात, आठ. दर टेकला दादाचा श्वास आखूड होत होता, आणि आकडा सांगणारे काका थकत होते. "टेक अकरा" म्हणणारा आवाज तर थेट आत्ताचा होता, ज्या आवाजात ते मघाशी 'चहा सांगतो' म्हणाले होते तोच. हे माझ्या लक्षात आलं... आणि मी ते लक्षात घेतलं नाही.

अकराव्या टेकनंतर दादाने विचारलं, "बरोबर होता?"

टेपवर कुणीच उत्तर दिलं नाही.

"आ..." तो म्हणाला, आणि खोकल्याने पुढचं गिळलं. बूथचं दार करकरलं. पावलं दूर गेली. मग फक्त सळसळ.

आ. पुढे काय होतं? मी पाच मिनिटं थांबले असेन. मग माझा हात मांडीवरून उठला. टेबलावर टॉकबॅकचं बटण असतं. ते दाबून बोललं की बूथमध्ये ऐकू जातं. आम्हा आवाजवाल्यांच्या तोंडात एक वाक्य बसलेलं असतं. टेक उत्तम झाला तरी तेच, वाईट झाला तरी तेच. मी बटण दाबलं आणि ते वाक्य म्हणाले.

"अजून एक घेऊ या दादा, सेफ्टीसाठी."

माझा आवाज काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीत घुमला. मला माझंच हसू आलं. शिकलेली बाई, आणि टेपशी बोलतेय.

स्पीकरमधून पावलं परत आली. दार लागलं.

"घ्या," दादा म्हणाला.

मी तिथून पळायला हवं होतं. तुम्हालाही हेच वाटत असेल. पण त्रेचाळीस तुकडे, वीस वर्षं, आणि तो त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरापर्यंत आला होता. माझ्या हाताने कागदावर बारा लिहिलं. माझ्याच तोंडून निघालं, "टेक बारा."

तो गायला. मी काचेकडे बघत होते. बूथ रिकामाच होता. माईकही नव्हता तिथे. भिंतीतून एक तुटकी वायर तेवढी लोंबत होती. टेक फसला. दार करकरलं, पावलं दूर गेली. मी बटण दाबलं, "अजून एक..." पावलं परत आली.

तेरा. चौदा. त्याचा सूर आता पट्टीला लागत नव्हता. शब्दांच्या शेवटी नुसता वारा यायचा. दर वेळी पावलं जायची, दर वेळी मी बोलवायची, आणि परत येणारी पावलं आधीपेक्षा जड असायची. पंधराव्या टेकला मी सवयीने रिळाकडे पाहिलं. अर्ध्या तासाचं रीळ ते. डावीकडची चकरी एव्हाना रिकामी व्हायला हवी होती. ती फिरत होती, आणि तिच्यावरची टेप तेवढीच होती. खोलीत मघाचा आंबूस वास नव्हता आता. तापलेल्या अंगाचा होता... घामाने भिजलेल्या पांघरुणाचा.

सोळावा टेक पहिल्या ओळीतच थांबला. या वेळी दार वाजलं नाही. तो माईकच्या अगदी जवळ आला असावा. ओठ सुटल्याचाही आवाज ऐकू आला.

"काका," तो म्हणाला, "आता घरी जाऊ द्या ना... आई वाट बघत असेल."

मिळालं होतं. जे हवं होतं ते मला मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही. मी मशीनची वायर भिंतीतून उपटली, संगणक बगलेत मारला आणि खुर्च्यांवर आदळत बाहेर आले.

बाहेर संध्याकाळचे सहा वाजले होते. काका पायरीवर बसले होते, शेजारी चहाचे दोन कप, दोन्हींवर साय धरलेली.

"किती झाले?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"सोळा."

त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवशी चारच झाले होते, पोरी. चौथ्याला तो पडला."

"मग बाकीचे..."

"बाकीचे मी घेतले. तो गेल्यावर सहा महिन्यांनी पाचवा. मग अधूनमधून. दर वेळी वाटायचं, एकदा गाणं पुरं म्हणू दे, मग सोडतो त्याला. आपल्याला सवयच नसते गं, झालं म्हणायची."

"घरी जाऊ का विचारतो, तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

काकांनी आता माझ्याकडे पाहिलं. "मला कधी नाही विचारलं त्याने," ते हळूच म्हणाले. "बरोबर होता का, एवढंच विचारायचा."

रात्री मी आईशी बोलले नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. तो तुकडा संगणकात होता. आईला ऐकवायचा तर एक कळ पुरे होती. पण ऐकल्यावर ती काय म्हणेल, हे मला ठाऊक होतं. अजून एकदा लाव, म्हणेल. आणि खुल्या संग्रहात टाकला तर? किती खोल्यांत, किती जण, किती वेळा 'अजून एकदा' म्हणतील? पहाटेपर्यंत मी पंख्याकडे बघत होते.

सकाळी आई चहा गाळत होती. मला वाटलं, विचारणार: सापडलं का? तिने विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी तिने केसांना तेल लावून नीट अंबाडा घातला होता.

"काल दुपारी कुणीतरी आलं होतं," ती म्हणाली. "जिना चढून दारापर्यंत यायचं आणि परत जायचं. पाच वेळा."

मी कप खाली ठेवला. "तू दार उघडलंस?"

"कडीला हात लावेपर्यंत पावलं खाली उतरायची. पाचव्यांदा मी दारापाशीच उभी राहिले. तेव्हा खोकला ऐकला." ती गाळणी धुवायला वळली. "मला काय खोकला ओळखू येत नाही होय?"

पाच वेळा तो घरी यायला निघाला होता. पाचही वेळा मी त्याला दारातून परत बोलावलं होतं. आणि सहाव्यांदा तो माझ्याकडे परवानगी मागत होता, तेव्हा मी वायर उपटली होती. म्हणजे तो अजून तिथेच होता, उत्तराची वाट बघत.

मी संगणक उघडला आणि कालची फाइल पुसली. पाणबुडीला लिहिलं, रीळ कोरं निघालं. त्याने लगेच हसण्याचं चिन्ह पाठवलं. मग काकांना फोन केला. "स्टुडिओ उघडून ठेवा. मशीनला वायर लावा. मी एकदाच बटण दाबणार आहे."

"काय म्हणणारेस?"

"झालं, दादा. घरी जा."

पलीकडे चाव्या वाजल्या. मग, "ये," एवढंच.

मी चपला घातल्या. आईला म्हटलं, "आज दार लावू नकोस."

"नव्हतेच लावणार," ती म्हणाली. "दोघांनाही चहा ठेवते."

"दोघांना?"

"एकटा कुठं होता तो? एकाची दमलेली पावलं, आणि एकाची लहान. अगदी छोटी, पाच-सहा वर्षांची असतील. परत जाताना तीच पुढे असायची. ओढून नेत असल्यासारखी, भराभर."

जिन्यात उजेड होता. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. दादा गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि काल त्याला परत बोलावणारी मीच होते. जायचं ठरलं होतं, ते काही बदललं नाही. पण पहिल्या पायरीवरून मी मागे वळले.

"आई, त्याला आत घे. तिला नको घेऊस."

"असं कसं?" आई म्हणाली आणि तिने दार पूर्ण उघडलं. "लहान लेकरू आहे गं ते."