अकरा गोष्टींचे शेवट

तिसरीच्या बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा भाऊजींची दुपारची डुलकी नुकती कुठे रंगात आली होती. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं, आपणच वर्गात पेंगतोय आणि बाईंनी पकडलंय. ते ताडकन उभे राहिले.

“बसा भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यासाठी नाही आल्या त्या.”

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या वहिनींचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली, आणि मदतनीस म्हणजे हे धाकटे दीर. जन्मभर टाइपरायटर बडवून निवृत्त झालेला माणूस. ऐकलेलं सगळं वहीत उतरवायचा, डोक्यात मात्र काही उतरायचं नाही.

“शाळेच्या कपाटातल्या अकरा पुस्तकांचं शेवटचं पान कोणीतरी कापून नेलंय,” बाई म्हणाल्या. “आळ माझ्यावर आलाय. शनिवारी मोठ्या बाई माझा वाचनाचा तास बंद करणार. मी हंगामी आहे, म्हणजे तासाबरोबर मीही गेले.”

“तुमच्यावरच का?”

बाई ओशाळल्या. “मी मुलांना वाचता वाचता अंदाज बांधायला शिकवते. पुस्तकात दिसतं ते घ्यायचं, त्यात आपल्याला ठाऊक असतं ते मिळवायचं, आणि म्हणायचं, मला असं वाटतं. वर्गात शेवटचं पान मी कधीच वाचत नाही. त्याला चिमटा लावून ठेवते. शेवट मुलं ओळखतात, मग पुस्तक घरी नेऊन पडताळतात. चार वर्षं हेच चाललंय. पण काही चोर पोरं आधीच शेवट बघून येतात. गेल्या महिन्यात मी वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, ही शेवटची पानं कापूनच ठेवायला हवीत.”

“जीभ घसरली, नोकरीवर बेतली,” भाऊजी पुटपुटले, आणि तेही त्यांनी लिहून घेतलं.

शाळा सुटल्यावर तिघं तिथे पोहोचली. रिकाम्या वर्गात तिरपं ऊन पडलं होतं आणि त्यात खडूची धूळ सावकाश तरंगत होती. मुलं गेली होती, पण त्यांचा गलका अजून भिंतींत मुरलेला असावा असं वाटत होतं. भाऊजींचे डोळे पुन्हा जड व्हायला लागले. टेबलावर अंदाज लिहायच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या, कडा अगदी सरळ.

“आमच्या शिपाई मावशी कापून देतात,” बाई म्हणाल्या. “मला तर वेड्यावाकड्याच जमतात.”

ग्रंथपालांनी कपाट उघडलं. स्वच्छ दाढी केलेले, तुटक बोलणारे गृहस्थ. “चाळीसातली अकरा गेली. सगळी जुनी, पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली. नव्यांना धक्का नाही. मंगळवारी लक्षात आलं.”

वहिनींनी एक कापलेलं पुस्तक पाहिलं. काप पट्टी धरून मारलेला होता. मग त्यांनी एक शाबूत पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावर गोष्टीचा शेवट, आणि पानाच्या पाठीवर चिकटवलेली, पुस्तक नेल्याच्या तारखांची चिठ्ठी. तारखांपुढे मुलांची नावं, कोणी नावापुढे फूल काढलेलं, कोणी पतंग.

“मागच्या पुठ्ठ्याला गोंद धरत नाही, म्हणून पानावर चिकटवतो,” ग्रंथपाल म्हणाले. “नाव मुलांनी स्वतः लिहायचं, ही आमची पद्धत. आता संपलं सगळं. पुढच्या आठवड्यात संगणक येतोय. चिठ्ठ्या खरवडून रद्दीत टाकायच्या, असं सोमवारी सगळ्यांना सांगून झालंय.”

मोठ्या बाई आपल्या खोलीत फायलींच्या ढिगाआड बसल्या होत्या. “शेवट गेलेत ना? मग शेवटांशी ज्याचं काम, त्यानंच नेले. यात तपास कसला?” त्यांनी कपाळावर हात मारला. “या शाळेत एक काम धड होत नाही. काल मावशींनी अंकलिपीचा तक्ता उलटा टांगला. खाली डोकं, वर पाय.”

मावशी वर्गात बाकं पुसत होत्या. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला.

“मावशी, कोणी केलं असेल हे?” वहिनींनी विचारलं.

“गोष्टीच्या पानाला हात लावणारा मेला कसला माणूस असेल हो?” मावशी खरोखरच चिडल्या होत्या. “बुधवारचा तास मी दारातून ऐकते. इतकं छान सांगतात बाई. चौदा वर्षांपूर्वी माझी लेकही याच वर्गात होती. या कपाटातलं किती वाचलं तिनं. दोन वर्षं झाली, तापानं गेली. त्याच साली घरात पाणी शिरलं, वह्या, दप्तर, सगळं गेलं. तिच्या हातचं एक अक्षर उरलं नाही घरात.”

भाऊजींची पेन्सिल थांबली. त्यांना फार वाईट वाटलं.

परतताना ते म्हणाले, “वहिनी, मला त्या ग्रंथपालांचाच संशय येतो. इतकी गुळगुळीत दाढी करणाऱ्या माणसाकडे ब्लेड असणारच.”

“ब्लेड तुमच्याकडेही आहे. भाऊजी, पानाला बाजू किती असतात?”

“दोन.”

“मग आपण सगळे एकाच बाजूकडे का बघतोय?”

भाऊजींनी प्रश्न वहीत लिहिला. उत्तरासाठी खाली जागा सोडली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर वहिनींनी सगळ्यांना तिसरीच्या वर्गात बसवलं. मोठी माणसं छोट्या बाकांवर, गुडघे हनुवटीशी.

“बाईंचाच धडा गिरवते,” वहिनी म्हणाल्या. “पान गेलं म्हणजे शेवट गेला, असं सगळ्यांनी धरलं, कारण इथे शेवटांचीच चर्चा असते. पण पाठीवर चिठ्ठी होती. शेवट तर नव्या पुस्तकांनाही आहेत, मग गेली ती फक्त जुनी का? कारण हवी होती चिठ्ठी. कोणातरी जुन्या मुलाचं नाव हवं होतं. सोमवारी कळलं की चिठ्ठ्या रद्दीत जाणार, मंगळवारी पानं नव्हती.”

ग्रंथपाल सावरून बसले.

“कापणारा हात सरावाचा. लेकीचं एक अक्षर घरात उरलेलं नाही, असं इथलंच कोणीतरी मला म्हणालं.” वहिनींचा आवाज मऊ झाला. “मावशी, रागावू नका हं. तुम्हाला वाचता येत नाही ना?”

मावशींनी मान खाली घातली. “तिचं नाव ओळखते मी. नावापुढे चिमणी काढायची ती. चिठ्ठी खरवडली असती तर नाव फाटलं असतं, म्हणून पानच कापलं. टाकायचंच होतं ना ते? पण गोष्टींचे शेवट नाही हो नेले मी. देवाशपथ.”

“त्या खोटं बोलत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “चार वर्षं त्यांनी दारातून काय पाहिलं? बाई वाचतात, शेवटच्या पानाशी थांबतात, चिमटा लावतात, पुस्तक मिटतात. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की शेवटचं पान गोष्टीचं नसतंच, ते नावांचं असतं. रीत बरोबर, उत्तर तेवढं चुकलं.”

मावशींनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली पानं काढली. एकालाही चुणी पडलेली नव्हती. “म्हणजे दुसरीकडे छापलंय ते शेवट होते? आणि माझ्यापायी बाईंची नोकरी जात होती?” त्यांना रडू आवरेना. बाई उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

मोठ्या बाई अवघडून बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, “चूक माझी झाली, बाई. एकदाही नीट विचारलं नाही मी. तास चालू राहील, आणि तुम्हीही.”

“ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या अलगद सुटतील,” ग्रंथपाल म्हणाले. “पानं पुस्तकांना, चिठ्ठ्या मावशींना.”

मावशींनी डोळे पुसले. “तिला यातली कुठली गोष्ट आवडत असेल हो?”

चौदा वर्षांपूर्वीच्या मुलीची आवड कोण सांगणार? भाऊजी मात्र एकेक पान उन्हात धरून बघत होते.

“वहिनी,” ते चाचरत म्हणाले, “बाकी सगळीकडे चिमणी एकदाच आहे. या पानावर तीन वेळा. म्हणजे तिनं हे पुस्तक तीनदा नेलं. मला असं वाटतं, हीच.”

वहिनी दिराकडे बघून हसल्या. बाईंनी ते पुस्तक कपाटातून काढलं, सुटं पान जागच्या जागी ठेवलं आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. मावशी पहिल्या बाकावर सरकल्या. आज बाई शेवटच्या पानाशी थांबल्या नाहीत.