तीन मिलिमीटरची चूक

तो दुकानात शिरला तो थेट आरशावर आदळला.

"माफ करा हं," तो आरशाला म्हणाला.

मी काउंटरमागे उभी होते. हसू दाबायला गेले, पण माझं हसू दाबलं की नाकातून बाहेर पडतं. त्याच्या एका हातात चष्म्याचे दोन तुकडे होते, दुसऱ्या हातात एक फॉर्म.

"आजच्या आज चष्मा मिळेल का? हा फॉर्म भरायचाय, आणि नाकाला टेकवल्याशिवाय मला अक्षर दिसत नाही."

"द्या इकडे, मी वाचते." फॉर्म हॉस्टेलचा होता. त्यावरचं विद्यापीठाचं नाव वाचलं आणि मी थबकले. "अय्या! समुद्राकडचं? मलाही तिथं प्रवेश मिळालाय!"

"खरंच? मग आपण—"

"आणि डोंगराकडच्यातही मिळालाय," मी घाईघाईनं म्हटलं. देशाच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर. मध्ये रेल्वेचे दोन दिवस. "महिनाअखेरीला संध्याकाळी पाचच्या आत एक जागा पक्की करायची, दुसरी सोडायची."

"मी जहाजबांधणी शिकणारेय. तुम्ही?"

"डोळे."

"डोळे... छान आहेत," तो म्हणाला, आणि लगेच लाजला. "म्हणजे विषय. विषय छान आहे."

आमच्या दुकानात काचा बाबा घासतात, फ्रेम्स आत्या दाखवते आणि मोजमाप माझ्याकडे. दहावीपासून मी गिऱ्हाइकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजतेय आणि एकदाही चुकले नाही, हे मी येईल त्याला ऐकवते. त्याच्यासमोर पट्टी धरून बसले. इतक्या जवळून... त्याच्या पापण्या फार लांब होत्या, बाई. बासष्ट, मी कागदावर लिहिलं.

संध्याकाळी तो चष्मा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हजर.

"स्क्रू सैल झालाय."

तिसऱ्या दिवशी म्हणे काडी कानाला टोचते. पाचव्या दिवशी चष्म्याची केस हरवली. आत्या फ्रेम्स पुसता पुसता म्हणाली, "या मुलाचा स्क्रू सैल झालाय खरा, पण चष्म्याचा नाही." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तोवर आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो आणि दुकान बंद झालं की तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला येत होता. स्टॉप चार मिनिटांवर होता. आम्हाला पाऊण तास लागायचा.

एकदा वाटेत पावसाची भुरभुर आली. आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. त्याच्या काचांवर थेंबच थेंब. मी चष्मा काढून घेतला आणि रुमालानं पुसू लागले.

"आता तू मला दिसत नाहीस," तो म्हणाला. "म्हणून बोलायला जमतंय. तू... समुद्राकडे ये ना."

मी चष्मा पुसतच राहिले, कोरडा झाला तरी.

"येते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं तेव्हा बाबांनी काच घासायची थांबवली. "तिथला डोळ्यांचा विभाग सुरू होऊन वर्षसुद्धा झालं नाही. शिकवायला दोन माणसं, पेशंट नाहीतच. डोंगराकडे मोठं रुग्णालय आहे, पहिल्या वर्षापासून पेशंट समोर. तूच मला हे सांगत होतीस ना?"

"तिथंही होईल सगळं हळूहळू," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज चढतो.

"तुझं तू ठरव," बाबा म्हणाले आणि परत कामाला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला तो आला. काउंटरवर माझा लॅपटॉप उघडा होता, दोन विद्यापीठं, दोन बटणं. तो शेजारी बसला आणि त्यानं हळूच कपाळ चोळलं. बाबांनी ते पाहिलं.

"डोकं दुखतंय?"

"नाही नाही, थोडंसं..."

"कधीपासून?"

"चष्मा घेतल्यापासून," तो पुटपुटला. बाबांनी चष्मा काढायला लावला, स्वतः पट्टी धरली. "पासष्ट." मग माझा जुना कागद काढला. त्यावर माझ्याच अक्षरात बासष्ट. तीन मिलिमीटर! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"मोजताना कुठं बघत होतात?" बाबांनी त्याला विचारलं. "लांब, भिंतीवरच्या खुणेकडे बघायचं असतं. जवळ बघितलं की बुबुळं आत वळतात आणि माप कमी येतं. मग काचेचा मध्य बुबुळासमोर येत नाही आणि डोकं दुखतं."

"भिंतीकडे... नव्हतो बघत."

"आता काय बोलावं!" आत्या म्हणाली आणि तोंडाला हात लावून आत गेली.

मला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. त्याची नजर कुठं आहे हे बघणं माझं काम होतं. मला ती दिसत होती, आवडत होती, आणि मी मुकाट्यानं आकडा लिहिला होता.

"तीन आठवडे डोकं दुखतंय?" मी त्याला विचारलं. "रोज येत होतास, स्क्रू दाखवत होतास. हे का नाही सांगितलंस?"

"तू कधी चुकत नाहीस म्हणाली होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून सोसत बसलास?"

"तुझ्यासाठीच ना..."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. मी तरी दुसरं काय करणार होते? चार वर्षं वाईट विभागात बसून, त्याला बरं वाटावं म्हणून सगळं छान आहे म्हणत राहायचं. आणि एक दिवस कपाळ चोळताना पकडली गेले की सांगायचं, तुझ्यासाठीच ना. नको रे बाबा. असलं प्रेम त्यालाही नको आणि मलाही.

"मी डोंगराकडे जाणार," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. आणि मग तो वेडा म्हणतो, "थांब, मग मीच माझी जागा सोडतो. मीही येतो तिकडे."

"खबरदार! डोंगरात जहाजं बांधणार आहेस? पाण्यात कशी उतरवशील, ढकलत?"

तो हसला, पण डोळे भरले होते. चष्मा नव्हता, त्यामुळे लपवताही येईना. माझेही भरले. तरी मी बटण दाबलं. जागा पक्की झाली. दुसरं बटण विझलं आणि माझ्या छातीत कळ आली, खरीखुरी कळ.

"म्हणजे संपलं?" त्यानं विचारलं.

"कुणी सांगितलं? मला तू आवडतोस. आवडतोस म्हणजे... प्रेम आहे माझं तुझ्यावर, झालं समाधान? ते आहे म्हणून मी माझं शिक्षण सोडणार नाही, आणि शिक्षण आहे म्हणून तुला सोडणार नाही. सुट्ट्या असतात, फोन असतो, रेल्वे असते."

"दोन दिवसांची रेल्वे."

"मग? झोपून यायचं. आणि यापुढे काही दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं. मीही सांगेन."

तो डोळे बारीक करून, मी त्याला नीट दिसेन इतका पुढे झुकून म्हणाला, "आत्ता दुखतंय. तू जाणार म्हणून. आणि तू समुद्राकडे आली असतीस तर मी फार खूश झालो असतो, हेही खरं आहे. पण तू केलंस ते बरोबर केलंस."

मी काउंटरवरचा त्याचा हात धरला. भर दुपारी, बाबांच्या डोळ्यांदेखत.

बाबा खाकरले. "दारात गिऱ्हाईक उभं आहे."

"पाच मिनिटं थांबेल, बाबा," मी म्हटलं आणि हात सोडला नाही.